हरकत असल्यास

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, सोलापूरला यायचं नाही, असं मी पुण्यात ठरवून टाकलं होतं. परीक्षा जवळ आली आहे, लायब्ररीत बसायचं आहे, अशी कारणंही तयार होती. पण आईचा फोन आला. "शनवारी ये. झावळ्या साफ करायच्यात. आन् दुसरंबी काम हाय." दुसरं काम कुठलं ते तिने सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

आता मी चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसले आहे. समोर ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या शिंदीच्या झावळ्या आहेत. उद्या झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. दुसरं काम काय आहे ते मला सकाळीच कळलं. उद्याच्या उपासनेत माझी पहिली पुकार होणार आहे.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मुलामुलीची नावं भर उपासनेत वाचतात. कोणाची मुलगी, कोणाचा मुलगा, कुठल्या मंडळीतले, म्हणजे कुठल्या चर्चचे. मग पाळकसाहेब चष्म्यावरून सगळ्यांकडे बघतात आणि म्हणतात, या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी उभे राहून सांगावे. कोणी उभं राहत नाही. पंखे फिरत राहतात. तीन रविवार असे गेले की लग्न पक्कं.

मुलगा बार्शीचा आहे, शाळेत शिक्षक आहे. नाताळात एका नातेवाइकांकडे त्याला माझ्यासमोर बसवलं होतं. तो वाईट आहे असं मी म्हणू शकत नाही. त्याने मला विचारलं, चहात साखर कमी चालते का, आणि मी म्हटलं, चालेल. तेवढंच. बहुधा त्या 'चालेल'चाच पुढे होकार झाला असावा. कॉलेजचं शेवटचं वर्ष लग्नानंतरही करता येईल, असं सगळे म्हणतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शेवटचं वर्ष म्हणजे काय असतं हे म्हणणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. मलाही कुठे ठाऊक आहे? पण ताईलाही असंच सांगितलं होतं. नर्सिंग काय, लग्नानंतरही करता येतं.

झावळीच्या देठाशी काटे असतात, ते आधी खुडावे लागतात. पोतं उलगडलं की ओल्या गोणपाटाचा आणि हिरव्या पातीचा मिळून एक वास येतो, थोडा ओढ्याचा, थोडा पावसात भिजलेल्या सायकलच्या सीटचा. तो वास आला आणि माझं काम थांबलं. ताईच्या पुकारांचा महिना त्याच वासाचा होता.

मी तेव्हा सातवीत होते. ताईचं नाव सुवार्ता. तिची बारावी होऊन वर्ष झालं होतं. घरात शिवणयंत्र एकच, आणि त्या महिन्यात ते थांबलेलं मला आठवत नाही. एरवी आई त्यावर टॉवेलांच्या कडा शिवायची, कारखान्यातून गठ्ठे घरी यायचे. पण उपवासकाळ लागला की कारखान्याचे गठ्ठे खाटेखाली सरकायचे आणि वर चर्चचं कापड यायचं. वेदीवरचं जांभळं कापड दर वर्षी कुठेतरी उसवलेलंच असायचं. ते झालं की ईस्टरचं पांढरं. त्या वर्षी पांढऱ्या कापडाचे दोन ढीग होते. एक वेदीचं, एक ताईच्या लग्नाचं. मी शाळेतून आले की मला कळायचं नाही कोणतं कुठलं. एकदा मी घामेजल्या हातांनी भलत्याच ढिगावर बसले तर आई ओरडली, "उठ तितनं! देवाचं हाय ते!" आणि मग जवळ येऊन, नीट बघून म्हणाली, "न्हाय, सुवार्ताचं हाय. तरी ऊठ."

संध्याकाळी घरोघरच्या प्रार्थना. आज या घरी, उद्या त्या घरी. पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधून यायची. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत बायका भिंतीला टेकून, पुरुष खुर्च्यांवर, आणि मधल्या जागेत आम्ही पोरं, एकमेकांच्या गुडघ्यांना गुडघे लावून. पलीकडच्या गल्लीत यंत्रमाग चालू असायचे. त्यांची खटखट तबल्याच्या ठेक्यात मिसळायची आणि मध्येच सुटायची, त्यामुळे भजन नेहमी थोडं घाईचं व्हायचं. एक टेलरकाका फार लांब प्रार्थना करायचे. देशासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, परदेशातल्या राजांसाठीसुद्धा. आईने ताईला शिकवूनच ठेवलं होतं, "त्यांनी डोळं मिटलं की च्याखालचा ग्यास बंद कर." प्रार्थना संपली की सुशीला. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचं कूट, लिंबू, कोथिंबीर. त्या महिन्यात मी इतक्या घरची सुशीला खाल्ली की डोळे मिटून घर ओळखता आलं असतं.

पाडवा त्याच धावपळीत आला. शेजारी विणकरांचं तेलुगू घर, तिथल्या अक्का दर वर्षी वाटीभर पच्चडी आणून द्यायच्या. कैरी, गूळ, चिंच आणि कडुनिंबाचा मोहोर. त्या वर्षी वाटी देताना दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "काय सुवार्ता, तुझ्या लग्नात जेवायला घालणार का नुसती प्रार्थनाच?"

"दोन्ही घालू की अक्का," आई आतून म्हणाली. "आदी प्रार्थना. मंजी जेवाण कमी लागतंय."

अक्का हसल्या, आई हसली. ताईने पच्चडीतला मोहोर बोटाने वेगळा काढला आणि आधी तोच खाल्ला. मला वाटलं, कडू आधी संपवून टाकत असेल. मीही तसंच केलं आणि थुंकले.

ताईला लग्न करायचं नव्हतं का? मला तेव्हा ते कळत नव्हतं, एवढं खरं. तिने भांडण केलं नाही, रडली नाही. बारावीपासून तिला फक्त एकच सवय होती, घरी आलेल्या कोणाचंही मनगट धरून ठोके मोजायची. आजीचे, अक्कांचे, पाणी मागायला आलेल्या पोस्टमनचे. पुकारांच्या महिन्यात तिने ती सवय सोडली. घरात कोणाच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण झोपताना ती माझं मनगट धरायची आणि आता धरत नव्हती. मला झोप लागायची नाही. मी कुशी बदलत राहायचे आणि ती म्हणायची, "काय किडा हाय का तुझ्यात? पड की गप."

पहिली पुकार झाली. मुलगा मोहोळचा, नाव शमुवेल, मोटारी वाइंडिंग करायचं दुकान. पाळकसाहेबांनी नावं वाचली, हरकत विचारली, पंखे फिरले, पुढचं गीत लागलं. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काहीच झालं नाही. आम्ही घरी येऊन मसुराची आमटी खाल्ली.

दुसऱ्या पुकारेला जेऊरहून दाविद आजा आला. आईचा चुलता. सकाळच्या गाडीने उतरला तो थेट चर्चमध्ये, एका हातात काठी, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि कानात, त्याच्याच शब्दांत, "नुसतं वारं". त्याला आमच्या पुढच्या बाकावर बसवलं. पिशवी त्याने मांडीवर घेतली. उपासनाभर पिकल्या केळ्यांचा वास येत होता आणि मला भूक लागली होती.

पाळकसाहेबांनी नावं वाचायला घेतली. सुवार्ता म्हटल्याबरोबर आजाची मान वर झाली. मग हरकतीचं वाक्य आलं. आणि आजा काठी टेकवत, बाकाला धरत, हळूहळू उभा राहिला.

आता आठवताना हसू येतं. तेव्हा आलं नाही. चर्चमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मागच्या बाकावर कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या तर त्या दचकवणाऱ्या वाटल्या. ताई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं, पूर्वीसारखं नाही, घट्ट. मला दुखलं. मी तिच्याकडे बघितलं तर ती आजाच्या पाठीकडे बघत होती, तोंड थोडं उघडं, जसं पाणी यायच्या दिवशी नळाकडे बघतात.

पाळकसाहेब खाली वाकून म्हणाले, "बोला आजोबा. काय हरकत आहे आपली?"

आजाने टोपी सारखी केली आणि घसा साफ केला. "सलाम मंडळी!" तो मोठ्याने म्हणाला.

पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं, मोठ्या आवाजात, "हरकत काय आहे?"

"हरकत?" आजा वळून सगळ्यांकडे बघत म्हणाला. "हरकत कशाची? पोरगी आमचीच हाय की!"

मग जो हशा झाला तो पाळकसाहेबांनाही आवरता आला नाही. नंतर उलगडा झाला. आजाच्या गावची मंडळी लहान, एका खोलीत भरणारी. तिथे पुकार झाली की घरचा वडीलधारा उभा राहून सगळ्यांना सलाम करतो, आमच्या घरचं कार्य आहे म्हणून. आजाला हरकतीचं वाक्य ऐकूच आलं नव्हतं. नाव ऐकलं, तो उभा राहिला. घरी आल्यावर तो रुसूनच बसला. "सलाम केला तर काय चुकलं? तुमच्या शहरात सलामबी करत न्हाईत का?" पप्पांनी त्याची समजूत घातली, आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे कोणी उगाच उभं राहिलं की म्हणायचे, "बस, पोरगी आपलीच हाय."

त्या सगळ्या हशात एकट्या ताईच्या हाताची पकड सुटली होती. हळू नाही सुटली. 'सलाम' म्हटल्याबरोबर सुटली. हात मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे लाल वळ होते, मी ते उपासना संपेपर्यंत बघत होते आणि मग ते गेले.

तिसरी पुकार झावळ्यांच्या रविवारी झाली. तिथून पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पांढऱ्या साड्या, भर दुपारची उपासना, पत्रे तापून टकटक वाजत होते. नेमकं त्याच दिवशी पाणी आलं आणि आई उपासाच्या पोटी, पांढऱ्या साडीचा काचा मारून घागरी भरत होती. उपास सोडायला ज्वारीची आंबील. तिच्यातलं ताक आणि लसूण. ईस्टरला उजाडायच्या आधी मैदानात उपासना, पूर्वेकडे तोंड करून सगळे उभे, गार वारा, अंगावर नव्या कपड्यांच्या घड्या. सूर्य वर आला तेव्हा पेटीवाल्याने पट्टी इतकी वरची धरली की पुरुषांनी गाणं सोडून दिलं आणि फक्त बायका आणि पोरं गात राहिली. ताईचा आवाज त्यात होता. चांगला होता. मी ऐकला.

मग लग्न. पांढरी साडी, जाईचे गजरे, जीप. जीप निघाली तेव्हा मी खिडकीपाशी पळत गेले आणि मला काय म्हणायचं होतं ते मला आलंच नाही. मी म्हटलं, "सलाम." ताई हसली. सगळे हसले. सगळ्यांना वाटलं, मी आजाची नक्कल करते आहे.

आजा आता नाही. ते पाळकसाहेबही बदलून गेले, नवे आले. यंत्रमागांच्या गल्लीत अर्ध्या शेडना कुलपं आहेत, संध्याकाळची भजनं आता नीट ठेक्यात होत असतील. पंखे मात्र तेच आहेत. आणि ताई आज समोर बसून झावळ्यांचे काटे खुडते आहे. ती सकाळी मोहोळहून आली, दोन्ही पोरांना पप्पांकडे सोडून. तिचे हात भराभर चालतात. माझे चालत नाहीत. मी एक झावळी उचलते, ठेवते, उठून खिडकीपाशी जाते, परत येते.

"बस की एका जागी," ताई म्हणाली. "अजून किडा गेला न्हाय का तुझा?"

आई पलीकडे वेदीचं पांढरं कापड अंथरून इस्त्री करत होती. मी आवाज कमी ठेवून ताईला विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं आणि विचारलं तेव्हा ते फारच साधं निघालं. "ताई, आजा उभा राहिला होता तेव्हा तू माझा हात का धरला होतास?"

तिने काटा खुडला, बाजूला टाकला. मला वाटलं, आठवत नाही म्हणेल.

"मला वाटलं, झालं," ती म्हणाली. "कुणीतरी बोललं."

"आणि मग?"

"मग काय. सलाम." ती हसली. मग थांबून म्हणाली, "वाईट न्हाय झालं गं माझं. तुझं भावजी सादं माणूस हाय. दुकानावरनं आलं की पोरीला झोपवत्यात, माझं पाय दुकलं तर भांडी घासत्यात. तसं काय बोलायला जागा न्हाय. पण सगळ्या मंडळीला तीन-तीनदा विचारत्यात बघ, हरकत हाय का, हरकत हाय का. टेलरला विचारत्यात, पेटीवाल्याला विचारत्यात. जिचं लगीन तिला एकदाबी न्हाय."

"तू उभं राहायचंस."

"नवरी उभी ऱ्हाती व्हय कुटं?" ती म्हणाली आणि झावळी माझ्या अंगावर टाकली. "धर. खुड."

इस्त्रीचा आवाज थांबला होता. आई आमच्याकडे पाठ करून उभी होती. थोड्या वेळाने तिने कापडाची घडी घातली, मग ती घडी मोडली आणि पुन्हा घातली. आमच्यातलं किती तिने ऐकलं ते मला माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "अंधार व्हायच्या आत झावळ्यांवर पाणी मारा. वाळून जात्याल."

रात्री मला झोप आली नाही. मी मनात वाक्यं तयार करत होते. आई, मला वर्ष पूर्ण करायचं आहे. आई, तो चांगला आहे पण मला अजून काहीच कळलेलं नाही. आई, पप्पांना राग येईल हे मला माहीत आहे. प्रत्येक वाक्य 'आई'पासून सुरू व्हायचं आणि तिथेच अडायचं.

सकाळी नऊच्या आधीच ऊन तापायला लागलं होतं. चर्चच्या आवारात पोरं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात झावळी, आणि ती वर धरण्याऐवजी एकमेकांच्या कानात घालत होती. फेरी आवाराला वळसा घालून दारातून बाहेर गल्लीत जाणार आणि पुन्हा आत येणार. पप्पा पुरुषांच्या बाजूला, इस्त्रीच्या शर्टात, कोणालातरी बार्शीचं काहीतरी सांगत होते. पाळकसाहेब आत ऑफिसात होते. सूचनांचा कागद त्यांच्याकडे असणार, माझं नाव त्यात. मी नळापाशी उभी होते. पाणी प्यायचं नव्हतं, तरी उभी होते.

आई आली. तिच्या हातात झावळी होती. तिने नळ सोडला, हात धुतले, नळ बंद केला. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुजी काय हरकत हाय का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती पुन्हा म्हणाली, आता माझ्याकडे बघून, "मी इचारते. हाय का?"

रात्री तयार केलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही.

"हाय," मी म्हटलं.

"लई?"

"लई."

तिने तोंड पदराने पुसलं. फेरी सुटली होती. पेटी गळ्यात अडकवून पेटीवाला पुढे, मागे पोरं, मोठ्याने गात, झावळ्या वर करून, सगळी बाहेरच्या दाराकडे येणारी. आईने तिची झावळी माझ्या हातात दिली. "तुज्या बापाला मी बगते," ती म्हणाली. "तू चल फेरीत."

आणि ती पुढच्या पोरांकडे वळली, त्यांच्या उलट दिशेने, चर्चच्या ऑफिसाकडे. पाती तिच्या तोंडावर आपटत होत्या, डोक्यावरचा पदर एका झावळीत अडकला, तो तिने ओढून घेतला. गाण्याच्या वर तिचा आवाज मला बराच वेळ ऐकू येत होता.

"सरका रं पोरांनो. सरका. आत काम हाय माजं."